नीलगिरीला फुटलेली शेव: घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीचं प्रकरण

मावशीचा फोन आला तेव्हा मी प्रॅक्टिकलच्या जर्नलांवर सह्या करत होते. "अगं, तू ते किड्यांचं शिकवतेस ना? मग ये बघू जरा. आमच्या नीलगिरीला शेव फुटलीय."

शेव हा शब्द तिचा नव्हे, वॉचमनमामांचा. रात्रपाळी संपवून घरी निघताना त्यांना ती पहिल्यांदा दिसली. श्रावणातली उघडीप होती, दोन दिवस पाऊस नव्हता आणि भिंतीकडच्या झाडांच्या बुंध्यांतून बारीक पांढऱ्या काड्या बाहेर आल्या होत्या. मामांनी मावशीला सांगितलं, मावशीने सेक्रेटरीकाकांना. सेक्रेटरीकाकांनी फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि मग जे व्हायचं ते झालं. कोणी वाळवी म्हणालं, कोणी बुरशी. एका गृहस्थांनी तर नीलगिरी पाणी फार पिते हे जुनं गाऱ्हाणं नव्याने मांडलं. संध्याकाळपर्यंत ठरावाचा मसुदाही फिरू लागला: सगळी २२ झाडं धोकादायक, सगळी काढावीत. त्या मसुद्याच्या शेवटच्या ओळीत मोकळ्या झालेल्या जागेत आठ गाड्यांचं पार्किंग बसेल असं लिहिलेलं होतं. मी ती ओळ दोनदा वाचली.

मी ठाण्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. भुंगेरे हा माझा विषय खरा, पण पाठ्यपुस्तकातला. झाडाच्या खोडात शिरणाऱ्या भुंगेऱ्यांचा प्रत्यक्ष निवाडा करायची वेळ त्याआधी कधी आली नव्हती. म्हणून जे जसं घडलं तसंच मांडते आहे, आमच्या चुकांसकट.

जागा

सोसायटी घोडबंदर रोडच्या डोंगराकडच्या अंगाला आहे. मागे येऊरचा उतार, पुढे रस्ता, आणि त्या दोन्हींच्या मध्ये उतरत आलेला प्लॉट. खालच्या कुंपणाला लागून नीलगिरीची एक रांग आहे. बिल्डिंगा यायच्या आधीची, कोणीतरी शेताच्या बांधावर लावलेली. वरच्या टोकाचं झाड एक नंबर, खालच्या टोकाचं बावीस. आकडे ऑइलपेंटने रंगवलेले, त्यामुळे नोंदी ठेवायला फार सोपं गेलं.

येऊरकडून उतरणारं पाणी पूर्वी आवारातून वाहत, जुन्या दगडी गडग्यातल्या फटींतून खालच्या नाल्याला जायचं. गेल्या उन्हाळ्यात गडगा पाडून तिथे आरसीसीची भिंत झाली, आत दीड फूट भराव पडला आणि त्यावर पेव्हर ब्लॉक बसले. हे मला पहिल्या भेटीत कोणी सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण माझी नजर झाडावर होती, जमिनीवर नव्हती.

शेव जवळून

वीस नंबरच्या झाडाशी गुडघे टेकून बसले. खोडाला काटकोनात निघालेली काडी, शेवयीहून जराशी जाड, दीडेक सेंटिमीटर लांब, टोकाशी किंचित वाकलेली. फोर्सेपने धरली तर भुगा. पाणी लागलं तरी भुगा. म्हणून तर ती उघडिपीतच दिसते; सर आली की धुऊन जाते आणि मागे फक्त भोक उरतं, पेनाच्या रिफिलच्या टोकाएवढं, दोन मिलिमीटरचं, गिरमिटाने पाडल्यासारखं गोल.

ही काडी म्हणजे कोरलेल्या लाकडाचा चुरा. मादी आत बोगदा खणते आणि चुरा मागे लोटत राहते. मागचा चुरा पुढच्याला ढकलतो, आणि सोऱ्यातून पडावी तशी शेव बाहेर येते. वॉचमनमामांची उपमा शास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर होती. अशी भरीव शेव काढण्यासाठी आशिया खंडातून जगभर पसरलेला 'झायलोसँड्रस क्रॅसियुस्कुलस' हा भुंगेरा प्रसिद्ध आहे, पण नुसत्या शेवेवरून त्याच्यावर आळ घेता येत नाही. त्याचे भाऊबंदही कमीअधिक अशीच शेव काढतात.

वाळवीवाल्यांचं म्हणणं सगळं चूक नव्हतं. तीन झाडांवर मातीचा पातळ लेप होता आणि तो वाळवीचाच होता. पण ही वाळवी सालीचा वरचा मेलेला थर खाते. नीलगिरी तशीही साल सोडत असते, त्यामुळे तिला ते आयतं जेवण. लेप नखाने खरवडला तर खाली साल धड होती. पेस्ट कंट्रोलवाल्याने मात्र तो लेप पाहून, मी पोचायच्या आदल्याच दिवशी, काही बुंध्यांत ड्रिलने भोकं पाडून औषध भरलं होतं. कोणत्या झाडांत, याची नोंद त्याने ठेवली नव्हती. "मॅडम, वाळवीच आहे," असं फोनवर ठामपणे सांगितलं आणि बिल पाठवलं.

भोकं वाचायची कशी

इथे थोडं थांबते, कारण सगळा निर्णय शेवटी यावरच उभा राहिला.

खोडात बारीक भोकं दिसली की आपण सरसकट 'भुंगा लागला' म्हणतो. पण बांबूच्या शिडीखाली पिवळं पीठ पाडणारा भुंगेरा आणि नीलगिरीतून शेव काढणारा भुंगेरा यांच्यात नावापुरतंच साम्य आहे. पहिला वाळलेलं लाकूड खातो. त्यातला स्टार्च हे त्याचं अन्न, म्हणून चुरा मैद्यासारखा. दुसरा, म्हणजे अँब्रोशिया भुंगेरा, लाकूड खातच नाही.

हे वर्गात सांगितलं की मुलं हमखास मान वर करतात. अँब्रोशिया भुंगेरे लाकडात बोगदे खणतात ते शेत तयार करायला. मादी उडून येते तीच बियाणं घेऊन: तिच्या शरीरात बुरशीचे बीजाणू सांभाळायला खास कप्पा असतो, काहींच्यात तो छातीच्या पाठीमागच्या भागात, काहींच्यात जबड्यापाशी. बोगद्याच्या भिंतींवर ती बुरशी पेरते, तण काढावं तशी नको ती बुरशी दूर ठेवते, आणि आई-पिल्लं सगळी त्या बुरशीवर जगतात. १८३६ मध्ये श्मिडबेर्गर नावाच्या ऑस्ट्रियन निरीक्षकाने बोगद्यातला तो पांढरा थर पाहिला आणि तो काय आहे ते न कळल्यामुळे त्याला देवांच्या अन्नाचं नाव दिलं: अँब्रोशिया. ती बुरशी आहे हे १८४४ मध्ये थिओडोर हार्टिगने दाखवलं. नाव देवांचंच राहिलं.

सालभुंगेऱ्यांचा संसार वेगळा. ते साल आणि लाकूड यांच्यामधल्या रसाळ थरात राहतात आणि तो थरच खातात. साल सोलली की त्यांची नक्षी दिसते. दोघंही सोंडकिड्यांच्या कुळातले, पण सोंड जवळपास नाहीशी झालेले. जगात स्कोलिटिनी या उपकुळाच्या ६,००० च्या आसपास जाती आहेत आणि प्लॅटिपोडिनी या दुसऱ्या उपकुळाच्या सुमारे १,४००. दुसऱ्या उपकुळातले बहुतेक सगळे अँब्रोशियावालेच. पहिल्यात दोन्ही प्रकार मिसळलेले.

खाण्यातल्या या फरकाचा मोठा परिणाम होतो. लाकूड किंवा साल खाणाऱ्याला त्या झाडाची रसायनं पचवावी लागतात, म्हणून तो ठरावीक झाडांशी बांधलेला असतो. बुरशी खाणाऱ्याला झाड कोणतं याची फारशी फिकीर नसते. बुरशी उगवली की झालं. नीलगिरी ऑस्ट्रेलियाची. आपल्याकडे ती बियांतून आली, तिकडचे खोडातले किडे बरोबर न घेता. तिकडे जिवंत नीलगिरीच्या गाभ्यात 'ऑस्ट्रोप्लॅटिपस इनकम्पर्टस' नावाचा भुंगेरा राहतो. मधमाश्यांसारखी एकच मादी अंडी घालते आणि बाकीच्या मुली राबतात. भुंगेऱ्यांमध्ये अशी समाजव्यवस्था पहिल्यांदा त्याच्यातच नोंदली गेली, १९९२ मध्ये. आपल्या नीलगिरीत त्याच्या जागी इथलेच उघड्या दाराचे भाडेकरू शिरतात: आंब्यात, सागात, डाळिंबात राहणारे.

डाळिंबाचं नाव घेतलं कारण ही ओळख मला पुस्तकाने नव्हे, मावशीच्या दिरांनी करून दिली. ते सांगोल्याचे, डाळिंबवाले. श्रावणात मावशीकडे आले होते. खोडाकडे बघून म्हणाले, "हा तर आमचा पिनहोल. मर आली की ह्यो येतोय." त्यांनी लगेच गेरू, क्लोरपायरीफॉस आणि कॉपर ऑक्सिक्लोराइडच्या लेपाची कृतीही सांगितली. हा लेप डाळिंब पट्ट्यात खोडाला लावतात, आणि आत शिरू पाहणाऱ्या मादीला तो अडवतोही. आत शिरलेलीला मात्र काही होत नाही. पण त्यांच्या वाक्यातला माझ्या कामाचा भाग लेप नव्हता. मर, म्हणजे झाड वाळत जायचा रोग, आली की तो येतो. म्हणजे आधी झाड बिघडतं.

मोजणी आणि नळी

पुढच्या रविवारी मी माझ्या दोन विद्यार्थ्यांना घेऊन गेले. प्रत्येक झाडाच्या जमिनीपासून दीड मीटरपर्यंतच्या भागातली भोकं मोजली, खडूने टिचक्या मारत. एक ते चौदा: शून्य, एखाद्यावर एक किंवा दोन. पंधरावर सात. सतरावर एकतीस. वीसवर ११८. एकवीसवर ९६. बावीसवर चाळीसच्या पुढे. वीस आणि एकवीस पानांवरूनही मेल्यात जमा होते.

आणि एकोणीसवर? एकही नाही.

अठरा आणि वीसच्या मधलं झाड, दोन्ही शेजारी पोखरलेले, आणि हे साफ. विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, परत मोजू का?" परत मोजलं. शून्यच. मग खाली पाहिलं. एकोणीसच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला एक दगड आहे, आणि झाडासकट तो एका जुन्या दगडी ओट्यात आहे, आसपासच्या मूळ जमिनीपेक्षा हातभर उंच. भराव टाकणाऱ्यांनी आणि पेव्हरवाल्यांनी त्या ओट्याला हात लावायची हिंमत केली नव्हती. गोल जागा सोडून काम पुढे नेलं.

मग गवंड्याकडची पारदर्शक लेव्हलची नळी आणली आणि प्रत्येक बुंध्याशी जमिनीची उंची घेतली. भोकांचे आकडे साधारणपणे उताराबरोबर वाढत गेले होते. माळीदादांनी वीसजवळचे चार पेव्हर काढून पहार मारली. हातभर खोलीवर पाणी. खड्ड्यातून कुजक्या अंड्यांचा वास. मुळं काळी पडलेली, ओढली तर साल मोज्यासारखी निघून हातात येत होती.

गवंड्याने भिंतीच्या बाहेरच्या बाजूला जाऊन पाहिलं. भिंतीत पाणी निघायला पाइप ठेवलेले होते, पण सगळे सिमेंटने बुजवलेले. मेमध्ये एक अवकाळी सर पडली, पलीकडच्या बिल्डिंगच्या स्टिल्टमध्ये पाणी शिरलं, तिथून तक्रार आली आणि दुसऱ्या दिवशी पाइप बंद झाले. गवंडी हसत म्हणाला, "भिंतीची भोकं बुजवली म्हणून झाडाला भोकं पडली बघा." वर्षभरात या प्रकरणावर मी बरंच ऐकलं, यापेक्षा अचूक काही ऐकलं नाही.

फक्त मधली कडी सांगायला हवी. मुळांना हवा मिळेनाशी झाली की त्यांच्या पेशी प्राणवायूशिवाय ऊर्जा काढायचा मार्ग धरतात. पीठ आंबतं तसाच तो मार्ग, आणि त्यात इथेनॉल तयार होतं. ते रसाबरोबर खोडात चढतं आणि सालीतून थोडं थोडं बाहेर पडतं. आपल्या नाकाला त्याचा पत्ता नसतो. अँब्रोशिया भुंगेऱ्याला असतो, आणि तो त्याच वासावर झाड निवडतो. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ख्रिस्तोफर रेंजर आणि सहकाऱ्यांनी याचं कारणही दाखवलं: लाकडातलं इथेनॉल या भुंगेऱ्यांच्या बुरशीला मानवतं आणि तणासारख्या इतर बुरश्यांना दाबतं. म्हणजे झिंगलेलं झाड हे त्यांच्यासाठी नांगरून, तण काढून ठेवलेलं रान. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो निचऱ्याविना दीड फूट भरावात अडवला, तर नीलगिरीच काय, कुठलंही झाड झिंगेल.

सापळे

खरं तर इथेच निर्णय घेता आला असता. पण माझ्या विद्यार्थ्याला प्रोजेक्ट हवा होता आणि मलाही उत्सुकता होती की या आवारात एकूण किती प्रकारचे भुंगेरे आहेत. विविधता मोजायचीच तर रीतसर मोजू, म्हटलं.

सापळा सोपा असतो. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, बाजूला कापलेल्या खिडक्या, उलटी टांगलेली, झाकणाच्या बाजूला साबणाचं पाणी आणि आत इथेनॉल भिजवलेला बोळा. शुद्ध अल्कोहोल मिळवायला परवान्यांचा घोळ, म्हणून सॅनिटायझर वापरायचं ठरलं. घरोघरी उरलेल्या बाटल्या गोळा केल्या. पहिल्या आठवड्यात चारपैकी दोन सापळ्यांत बरे भुंगेरे आले आणि दोनांत जवळजवळ काहीच नाही. जागेचा फरक असेल म्हणून विद्यार्थ्याने वहीत अर्धं पान कारणमीमांसा लिहिली. मग मावशीने चष्मा लावून बाटल्यांच्या पाठीवरचं बारीक अक्षर वाचलं. त्या दोन बाटल्यांत इथेनॉल नव्हतंच, आयसोप्रोपिल अल्कोहोल होतं. कारणमीमांसेवर काट मारली, सॅनिटायझर बदललं, आठवडा पहिल्यापासून धरला.

सहा आठवड्यांत दिसण्यावरून वेगळे असे अकरा प्रकार मिळाले. 'जाती' म्हणत नाही. या गटात जात ठरवणं भल्याभल्यांचं काम आहे. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सी. एफ. सी. बीसनसारख्या माणसाने भारतीय जंगलातले हे किडे गोळा करण्यात उभी कारकीर्द घातली, तिथे आम्ही दोन विद्यार्थी आणि एक मायक्रोस्कोप घेऊन काय ठरवणार. पण फरक स्पष्ट होते. सर्वाधिक गर्दी 'हायपोथेनेमस'ची, मोहरीच्या दाण्याहून लहान, वाळक्या काटक्यांत राहणाऱ्या भुंगेऱ्यांची. कॉफीच्या बिया पोखरणारा कुप्रसिद्ध भुंगेरा याच वंशाचा. मग तीन-चार प्रकारचे 'झायलेबोरस'सारखे, पाठीच्या उतारावर बारीक काटे असलेले. शेववाल्यासारखे, पुढचा भाग कानशीसारखा खरखरीत. आणि प्लॅटिपोडिनीतले दोन: लांबुळके, पेन्सिलच्या शिशासारखे सरळ, डोकं पुढून सपाट.

अस्सल सालभुंगेरा, म्हणजे जिवंत सालीखाली नक्षी कोरणारा, एकही नाही. हे अपेक्षितच होतं. त्या गटातली नावाजलेली घराणी पाइन, स्प्रूससारख्या सूचिपर्णी झाडांवर वाढली. नीलगिरीच्या सालीखालचा धंदा ऑस्ट्रेलियातही बहुतेक लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या हातात आहे. ब्राझीलमध्ये नीलगिरीच्या मोठाल्या लागवडींत इथेनॉलचे सापळे लावून बरीच मोजणी झाली आहे. तिथल्या याद्यांतही अँब्रोशियावाले आणि हायपोथेनेमसच भरून असतात.

विद्यार्थ्याने विविधता मोजणारा शॅननचा निर्देशांक काढला, पोस्टर केलं, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत नेलं. परीक्षक खूश. निर्देशांक चांगला भरघोस होता.

मला तो आकडा तेव्हाच टोचत होता. येऊरचं जंगल भिंतीपलीकडे. वाऱ्याबरोबर इथेनॉलचा वास तिकडे जाणार आणि तिकडचे भुंगेरे इकडे येणार. सापळा म्हणजे रेल्वे स्टेशनवरचा पंखा: त्याखाली उभी राहणारी सगळी माणसं ठाण्यातच राहतात असं नाही. अकरा प्रकारांतले नीलगिरीत प्रत्यक्ष राहणारे किती, हे सापळा सांगू शकत नाही.

लाकडात कोण होतं

ते फक्त लाकूडच सांगतं. वीस आणि एकवीस काढायची परवानगी 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५' खाली मागितली. झाडांवर नोटिसा लागल्या, पाहणी झाली, परवानगी आली. कापताना मी बुंध्याचे हातभर लांबीचे सहा ओंडके मागून घेतले. काळ्या बादल्या, वर झाकण, झाकणाला भोक, भोकावर पारदर्शक बाटली. आतले भुंगेरे बाहेर पडले की उजेडाकडे जातात आणि बाटलीत सापडतात.

त्याआधी एक ओंडका कुऱ्हाडीने उभा फोडला. पांढुरक्या लाकडात बोगदा पेन्सिलीने रेघ ओढावी तसा काळा दिसत होता. आत चुरा अजिबात नाही, स्वच्छ झाडलेलं घर. थोडं पुढे तो पसरट होऊन कोनाडा झालेला, आणि कोनाड्याच्या भिंतींवर शिळ्या भाकरीवर येतो तसा करडा-पांढरा मऊ थर. त्यात पाय नसलेल्या पांढऱ्या अळ्या, खसखशीएवढी अंडी आणि भिंतीला पाठ लावलेली एक तपकिरी मादी. लेन्सखाली एक वेगळाच जीव सापडला: तिच्याहून लहान, फिकट, कुबडा. तो नर. या गटात नराला उडता येत नाही. अंड्याला नराचं बीज मिळालं नाही की त्यातून नर होतो, मिळालं की मादी. त्यामुळे एका बोगद्यात बहिणी पुष्कळ आणि भाऊ एखादाच. तो बहिणींशीच जोडी करतो आणि बहुतेक जन्मल्या लाकडातच संपतो. बाहेर पडणारी प्रत्येक मादी आधीच भरलेली, पाठीवर बियाणं घेतलेली. एक मादी नव्या बिल्डिंगमध्ये पोचली तरी नवा वंश सुरू करायला ती एकटी पुरते. यांची जगभर झालेली पांगापांग याच हिशेबाची आहे. याच पद्धतीने वाढणारा, आग्नेय आशियातून निघालेला एक भुंगेरा दक्षिण आफ्रिकेत २०१७ मध्ये पीटरमॅरित्झबर्गच्या उद्यानात सापडला आणि २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थमध्ये.

बादल्यांतून दोन महिन्यांत तीन प्रकार निघाले. शेववाले सर्वांत जास्त. एक लहान झायलेबोरससारखा. आणि एका ओंडक्यातून, तो सुकल्यावर, पाठीच्या उतारावर दोन शिंगं असलेले जाडसर भुंगेरे. ते या कुळातलेच नव्हेत, बांबूच्या पीठवाल्याचे नातलग, वाळलेल्या लाकडाचे गिऱ्हाईक. म्हणजे सापळ्यातल्या अकरांपैकी झाडात नांदणारे दोन. प्लॅटिपोडिनीतला एकही नाही, हायपोथेनेमस फक्त वाळक्या फांदीत.

कमिटीच्या बैठकीत मी हे दोन आकडेच मांडले, अकरा आणि दोन, आणि उताराचा नकाशा. सेक्रेटरीकाकांनी रास्त प्रश्न विचारला: "मग दोनाला औषध नाही का?" औषध आहे, पण ते जिथे पोचायला हवं तिथे पोचत नाही. अळी लाकूड खात नाही, म्हणून रसातून चढवलेलं कीटकनाशक तिच्या पोटात जातच नाही. सालीवर फवारलेलं फक्त येणाऱ्या मादीला अडवतं, तेही काही दिवस. आणि झाड बोलावत राहिलं तर येणाऱ्या येतच राहतात. मी पाइप उघडा म्हटलं. पार्किंगवाले गृहस्थ म्हणाले, "म्हणजे किड्यांसाठी गटार बांधायचं?" मावशी म्हणाली, "हो. आणि झाडांसाठी. आणि तुमच्या गाडीच्या टायरांसाठी पण, बुडतात ना ते जुलैत."

सगळी झाडं काढायचा ठराव तीन मतांनी पडला. पाइप उघडले, पण पलीकडच्यांचा स्टिल्ट बुडू नये म्हणून भिंतीच्या आत जाळीचं गटार करून पाणी सरळ नाल्याला नेलं. प्रत्येक बुंध्याभोवती मीटरभर पेव्हर काढले आणि भराव उपसून मूळ जमीन उघडी केली. खर्च पार्किंगच्या अंदाजपत्रकापेक्षा कमी आला, हे नोंदवून ठेवते.

एका बाबतीत मी कमी पडले. कापलेल्या झाडांचे बाकीचे ओंडके लगेच चिरून किंवा चिप्स करून हलवायला हवे होते. कंत्राटदाराला ते बल्ल्या आणि सरपण म्हणून विकायचे होते, गाडी मिळेना, मध्ये गणपती आले, आणि ओंडके बारा दिवस गेटजवळ ताडपत्रीखाली पडले. ताजं कापलेलं लाकूडही इथेनॉल सोडतं. बाराव्या दिवशी ताडपत्री उचलली तर कापताना जी टोकं साफ होती त्यांवर शेव. त्यातल्या किती माद्या बाहेर पडून कुठे गेल्या ते कोण सांगणार. गेटशेजारच्या लहान आंब्यावर मी अजून दर महिन्याला नजर टाकते.

यंदाचा पावसाळा

जूनपासून मावशी रोज सकाळी फिरताना फोटो पाठवते. एकदा तिने घाईघाईत पाठवलेली शेव मी झूम करून पाहिली, तर पिवळी होती. बेसनाची. कोणीतरी कट्ट्यावर बसून भेळ खाल्ली होती.

सतरावर जुन्या एकतीस भोकांच्या जोडीला नऊ नवी दिसली, पण त्यातल्या सातांतून लाल डिंक ओघळून घट्ट झाला होता. धडधाकट नीलगिरी असंच करते, शिरणारीला डिंकात बुडवते. पंधरावर नवं काही नाही. बावीस वाचेल की नाही सांगता येत नाही. शेंडा वाळलेला आहे, बुंध्याला मात्र नवी फूट आहे. एकोणीसवर यंदाही शून्य, आणि शेंदूर ताजा.

गेल्या मंगळवारी सहा नंबरवर दोन शेवा दिसल्या. सहा नंबर वरच्या अंगाला, तिथे भराव नाही, पाणी साचत नाही. बुंध्याला कमरेच्या उंचीवर ड्रिलची दोन जुनी भोकं आहेत, पण तशी ती चारवरही आहेत आणि चार ठणठणीत आहे. माळीदादा म्हणतात, शेजारून फायर हायड्रंटची लाइन जाते, ती झिरपत असेल. रविवारी ते पहार घेऊन येणार आहेत.